हाताविना उघडणारे दार

दार उघडणे ही क्रिया इतकी नित्याची आहे, की तीत तीन निरनिराळी कामे सामावलेली असतात हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. पहिले काम भाराचे : दाराचे वजन कोणी तरी हलवावे लागते. दुसरे ओळखीचे : कोणासाठी उघडावयाचे आणि कोणासाठी नाही, हे ठरवावे लागते. तिसरे आवरण्याचे : मिटत असलेल्या दारात कोणाचे बोट, पाऊल किंवा एखादे मूल आले, तर तत्क्षणी थांबावे लागते. गडाच्या देवडीवरचे पहारेकरी ही तिन्ही कामे करीत. आणि घरातील कोणीही माणूस दार लावताना ती नकळत करीतच असतो. परंतु दार एकदा यंत्राच्या स्वाधीन करावयाचे ठरले, म्हणजे ही कामे एकमेकांपासून सुटी होतात, आणि प्रत्येक काम यंत्रास निराळे शिकवावे लागते. अमेरिकेत मोटार ठेवण्याच्या खोलीला जे दार असते, त्याचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास म्हणजे ह्या शिकवणीचाच इतिहास होय. त्यातील पहिला धडा यंत्राने लवकर उचलला. दुसरा पक्का होण्यास सुमारे साठ वर्षे गेली. तिसरा धडा वास्तविक सर्वांच्या आधी द्यावयास हवा होता. तो मात्र अनेक मुलांचे प्राण गेल्यानंतर कायद्याला द्यावा लागला.

आपोआप उघडणाऱ्या दाराची हौस फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रिया नगरीत हेरॉन नावाचा यंत्रविद्येचा जाणता होऊन गेला. त्याने आपल्या ग्रंथात एका देवळाच्या दाराची रचना वर्णिली आहे. दारापुढील वेदीवर अग्नी पेटविला, की वेदीच्या पोकळीतील हवा तापून फुगे. ती हवा जमिनीखालच्या एका गोलात शिरून तेथील पाणी नळीवाटे टांगलेल्या बादलीत ढकली. बादली जड होऊन खाली जाई, आणि दाराच्या उभ्या खुंटांना गुंडाळलेले दोर ओढले जाऊन दार उघडे. अग्नी विझला म्हणजे हवा आकसे, पाणी परत गोलात ओढले जाई, बादली हलकी होई आणि दुसऱ्या बाजूस टांगलेले वजन दार मिटवून घेई. भाविकांस हा चमत्कार वाटावा ह्यात नवल नाही. परंतु आपल्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की दार हलविणारी शक्ती आणि दारास तोलून धरणारे वजन ह्या दोन गोष्टी निरनिराळ्या ठेवाव्या, ही कल्पना येथे स्पष्ट दिसते. बाकीच्या दोन कामांविषयी मात्र हेरॉनचे दार अगदी अजाण होते. जो कोणी अग्नी पेटवील त्याच्यासाठी ते उघडणार, आणि दारात कोणी उभे असले तरी ठरल्या वेळी ते मिटणार.

मध्ययुगीन युरोपातील किल्ल्यांच्या दारांत ह्याहून वेगळा विचार होता. तेथे फळ्यांच्या दाराच्या जोडीस लाकूड व लोखंड ह्यांची एक जड जाळी भिंतीतील उभ्या खाचांतून वरखाली होत असे. ती वर चढविण्यासाठी दरवाजावरील खोलीत रहाट असे. खाली येण्यासाठी मात्र काहीच लागत नसे. दोर सुटला की जाळी आपल्याच भाराने कोसळे. शत्रू खाली सापडला तर उत्तमच, असा तीत हेतू होता. आपल्याकडील गडांचे व वाड्यांचे दरवाजे बहुधा दोन फळ्यांचे, आत उघडणारे आणि मागून अडसर घातलेले. पुण्यातील शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर हत्तीची धडक रोखण्यासाठी बसविलेले अणकुचीदार खिळे आजही पाहावयास मिळतात. अशा अवजड फळ्या वेळी अवेळी हलवाव्या लागू नयेत म्हणून तीत एक लहानशी दिंडी ठेवीत. एका वेळी एकच माणूस, तोही वाकून, आत येई. म्हणजे भार कमी आणि ओळख पटविणे सोपे, अशी दोन्ही कामे त्या एका युक्तीने साधत. युरोपातील वरून पडणारी जाळी आणि आपली दिंडी ही दोन्ही चित्रे वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे त्यांचे काम पडेल.

'गॅरेज' हा शब्द मूळचा फ्रेंच. त्याचा धात्वर्थ आसऱ्यास ठेवणे असा आहे. आपल्याकडे तो गाडी दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानासाठी रूढ झाला. अमेरिकेत मात्र तो मोटार ठेवण्याच्या घरगुती खोलीस लागला. १९०८ साली फोर्डची 'मॉडेल टी' ही मोटार बाजारात आली आणि मध्यमवर्गीय माणसालाही मोटार बाळगणे शक्य होऊ लागले. प्रारंभी ती तबेल्यात किंवा घोडागाडीच्या खोपटात ठेवीत, आणि दारेही तीच असत : दोन मोठ्या लाकडी फळ्या, लांब पट्ट्यांच्या बिजागऱ्यांवर बाहेर उघडणाऱ्या. घोड्याच्या काळी ती चालून गेली. मोटार दिवसातून अनेकदा बाहेर पडू लागली तेव्हा तिचे दोष दिसू लागले. फळीचा सगळा भार एका कडेच्या बिजागरीवर पडत असल्यामुळे ती कालांतराने खाली कलून जमिनीस घासे. उत्तर अमेरिकेच्या हिवाळ्यात दारापुढे बर्फाचा ढीग साचला, की तो फावड्याने उपसल्यावाचून फळी उघडतच नसे. वाऱ्याने फळी मोटारीवर आदळे, ते निराळेच.

ह्यावर पहिला उपाय निघाला तो सरकत्या दाराचा. फळी रुळावर टांगून बाजूस ढकलली, की बर्फाची व वाऱ्याची अडचण पुष्कळ अंशी दूर होते. परंतु दाराच्या रुंदीइतकीच मोकळी भिंत शेजारी असावी लागते, आणि लहान जागेवरच्या घरास ती कोठून मिळणार? अर्थात दाराला जाण्यास एकच दिशा उरली, ती वरची. छताखालची जागा नाहीतरी रिकामीच असते. १९२१ साली सी. जी. जॉन्सन ह्या अमेरिकन गृहस्थाने वर उचलले जाणारे दार सिद्ध केले. ते आडव्या पट्ट्यांचे असून पट्ट्या एकमेकींस बिजागऱ्यांनी जोडलेल्या असत, आणि त्यांच्या दोन्ही कडांना बसविलेली लहान चाके भिंतीवरील पन्हळीतून वर जाऊन छताखाली आडवी वळत. अमेरिकन घरांत आजही ह्याच जातीची दारे सर्वांत अधिक दिसतात. वर जाणाऱ्या दाराचे आणखी दोन प्रकार आहेत. एकात सबंध फळी अखंड राहून तिरकी होत छताखाली शिरते. हा प्रकार स्वस्त व सुटसुटीत खरा, पण उघडताना फळीची खालची कड पुढे झेपावते, म्हणून मोटार दारापासून दूर उभी करावी लागते. दुसऱ्या प्रकारात अरुंद पट्ट्यांचा पडदा वरच्या नळकांड्यावर गुंडाळला जातो. हा प्रकार आपल्या ओळखीचा आहे, कारण मुंबई-पुण्याच्या बाजारपेठांतील दुकानांची शटरे हीच.

ह्या शटराचेच उदाहरण घेतले तर भाराचे काम यंत्राने कसे पेलले ते समजते. सकाळी दुकानदार कुलूप काढतो, वाकून एक हिसका देतो, आणि लोखंडाचा एवढा मोठा पडदा खडखडत वर निघून जातो. त्या माणसाच्या दंडात एवढे बळ आलेले नसते. ते वरच्या नळकांड्यात पीळ घालून ठेवलेल्या स्प्रिंगचे असते. आदल्या रात्री शटर खाली ओढताना त्यानेच ते बळ स्प्रिंगमध्ये साठवून ठेवलेले असते, आणि सकाळी ते त्यास परत मिळते. अमेरिकन दारातही हेच तत्त्व आहे, फक्त तेथे ते अधिक नेटके साधले आहे. दाराच्या वर एक आडवा दांडा असतो, त्यावर पिळाची स्प्रिंग आणि दोन्ही टोकांस तारदोर गुंडाळण्याच्या चकत्या. सात फूट उंचीच्या दारास स्प्रिंगला साधारण साडेसात वेढ्यांचा पीळ देऊन ठेवतात. दार जसजसे वर जाते तसतसा पीळ उलगडून स्प्रिंगचे बळ कमी होत जाते. आता हे बळ वाटेतच अपुरे का पडत नाही? कारण, त्याच वेळी वरच्या पट्ट्या एकेक करून आडव्या पन्हळीत शिरत असतात, आणि त्यांचा भार पन्हळ उचलू लागते. लोंबत्या भागाचे वजन आणि स्प्रिंगचे बळ ही दोन्ही बरोबरीने घटतात, म्हणून प्रत्येक उंचीवर दार तोललेले राहते. यंत्ररचनेतील अत्यंत सुंदर जुळण्यांपैकी ही एक आहे.

हे ध्यानात आले, की विजेच्या यंत्राविषयीचा एक सर्वत्र आढळणारा गैरसमज दूर होतो. जॉन्सन ह्यांनीच १९२६ साली दार उघडणारे विजेचे यंत्र काढले. ते यंत्र दार उचलते असे आपण म्हणतो. वस्तुतः दार स्प्रिंग उचलते, यंत्र त्यास केवळ चाल देते. दोन मोटारींसाठी असलेले सोळा फूट रुंदीचे दार सत्तर किलोंपासून, लाकडी असल्यास, दीडशे किलोंच्याही पुढे भरते. आणि ते अर्ध्या अश्वशक्तीच्या मोटरने लीलया वर जाते, त्याचे मर्म हेच. साधी स्प्रिंग दहा हजार वेळा दार वरखाली होईल इतक्या आयुष्याची करतात. दिवसातून चार वेळा दार उघडले तर हे आयुष्य सात वर्षांच्या आत संपते. मग एके दिवशी स्प्रिंग मोठा आवाज होऊन तुटते, आणि घरातील लोकांस वाटते की मोटर बिघडली!

चाल देण्याच्या तऱ्हांतही भेद आहेत. सर्वांत जुनी व स्वस्त तऱ्हा साखळीची. सायकलीसारखी साखळी दारास जोडलेला एक सरकता ठोकळा पुढे मागे ओढते. ती दणकट असते, पण तिचा खडखडाट वरच्या निजण्याच्या खोलीत पोहोचतो. साखळीच्या जागी बळकट केलेला रबरी पट्टा घातला की आवाज थांबतो व किंमत वाढते. तिसऱ्या तऱ्हेत लांब मळसूत्री दांडा स्वतःभोवती फिरतो आणि ठोकळा त्याच्या आट्यांवरून सरकत जातो. हिच्यात हलणारे भाग थोडे, परंतु दांड्यास वंगण हवे, आणि कडाक्याच्या थंडीत ते घट्ट झाले की चाल बिघडते. चौथ्या तऱ्हेत यंत्र भिंतीवर बसवून स्प्रिंगचा दांडाच फिरवितात. छत मोकळे राहते, पण पिळाची स्प्रिंग नसलेल्या दारास ही तऱ्हा लावता येत नाही. विकणारे ह्या चार तऱ्हांविषयी पुष्कळ बोलतात. तथापि चारहींचा पाया एकच, आणि तो म्हणजे दार तोललेले असणे. तोल बिघडलेल्या दारास कोणतीही चाल दिली तरी ती थोड्याच दिवसांत मोडते.

दुसरे काम ओळखीचे. मोटारीत बसल्या बसल्या दार उघडावे ह्यासाठी बिनतारी संदेशाचे प्रयोग १९३० च्या सुमारास सुरू झाले. प्रारंभीच्या ह्या साधनांत प्रेषक एक ठरावीक लहर पाठवी आणि ती कानी पडताच यंत्र दार उघडी. ती कोणी पाठविली, हे विचारण्याची अक्कल त्यात नव्हती. शेजाऱ्यानेही तेच साधन आणले, की एकाने कळ दाबावी आणि दोघांची दारे उघडावी असे प्रकार होऊ लागले. पुढे प्रेषक व ग्राहक ह्या दोहोंत बारीक खटक्यांची ओळ बसविली. प्रत्येक खटका वर किंवा खाली. बारा खटके असले की ४०९६ निरनिराळ्या खुणा होतात. एवढ्या खुणांतून नेमकी एक हुडकणे चोरास दुष्कर, असा समज होता.

तो समज कसा ढासळला हे मराठी वाचकांस इतरांहून लवकर कळेल, कारण त्याची गुरुकिल्ली आपण शाळेत वृत्ते शिकताना पाठ केलेली आहे. 'यमाताराजभानसलगा' हे सूत्र पाहा. लघु व गुरु ह्यांच्या तीन तीन अक्षरांच्या रचना आठ होतात. त्या सुट्या लिहिल्या तर चोवीस अक्षरे लागतील. पण सूत्रकाराने त्या एकमेकींत अशा गुंफल्या आहेत, की दहा अक्षरांत आठही गण येतात. 'यमाता' म्हणून झाले की एक अक्षर पुढे सरकून 'मातारा', मग 'ताराज', अशी ही साखळी चालते. गणितशास्त्रात अशा गुंफणीस डी ब्रॉइन ह्या डच गणितज्ञाचे नाव मिळाले आहे. त्याचा त्यावरील लेख १९४६ चा. आता जुन्या यंत्रांपैकी पुष्कळ यंत्रे खूण कोठे सुरू झाली हे पाहात नसत. कानी आलेले शेवटचे बारा संकेत जुळले की दार उघडीत. २०१५ साली सॅमी कॅमकार ह्या अमेरिकन तंत्रज्ञाने मुलांच्या एका खेळण्यात फेरफार करून, सगळ्या खुणा अशाच एकमेकींत गुंफून पाठविल्या. ४०९६ खुणा सुट्या पाठवावयाच्या तर ४९,१५२ संकेत हवेत. गुंफल्यावर ४१०७ पुरतात. मधल्या थांब्यांची व पुनरुक्तीचीही गरज उरली नाही, आणि सुमारे अर्ध्या तासाचे काम दहा सेकंदांच्या आत आले. ह्या दोषावरील उपाय मात्र त्याआधीच निघालेला होता. १९९० नंतरच्या दशकात दर वेळी बदलणारी खूण प्रचारात आली. प्रेषक व ग्राहक ह्यांना पुढची खूण कोणती हे ठाऊक असते, आणि वापरलेली खूण पुन्हा चालत नाही. रोज रात्री नवा परवलीचा शब्द ठरविणाऱ्या पहारेकऱ्याची रीत यंत्रास येण्यास इतका काळ लागला. जुनी यंत्रे ज्यांनी बदलली नाहीत, त्यांची दारे अर्थातच उघडी राहिली.

आता तिसरे काम. वर उचललेले दार मिटताना वरून खाली येते, ही गोष्ट सोयीच्या भरात लोक विसरून गेले. किल्ल्याच्या त्या जाळीचाच हा वंशज. फक्त आता खाली शत्रूऐवजी घरची मुले होती. मिटत्या दाराखालून शेवटच्या क्षणी पळत निघणे हा मुलांचा एक खेळ होऊन बसला. हाताने दार लावणाऱ्या माणसास मूल दिसते. एवढेच नव्हे, तर न दिसले तरी अडखळणाऱ्या दारावरून हातास काही तरी कळते आणि हात थांबतो. यंत्रास डोळे नव्हते, आणि त्याचा स्पर्श बोथट होता. अडथळा लागताच उलटे फिरण्याची सोय पुढे अनेक यंत्रांत आली. पण किती जोर लागला म्हणजे त्यास अडथळा समजावयाचे, हे एका खिळ्याने कमीजास्त करता येई. तोल बिघडलेले दार मध्येच अडू लागले, की घरमालक तो जोर वाढवून ठेवी. म्हणजे पहिल्या कामातील हयगय तिसऱ्या कामाच्या मुळावर येई. लाकडाच्या ठोकळ्यास टेकून परत फिरणारे दार लहान मुलाच्या मऊ छातीवर मात्र दाब देतच राही. १९८२ पासूनच्या दहा-पंधरा वर्षांत अमेरिकेत अशा दारांखाली सापडून पन्नासाहून अधिक मुले दगावल्याची सरकारी नोंद आहे.

अखेर १९९० साली अमेरिकन काँग्रेसने ह्यासंबंधी कायदा केला. १ जानेवारी १९९३ पासून तेथे घरगुती वापरासाठी तयार होणाऱ्या प्रत्येक यंत्रास दोन गोष्टी सक्तीच्या झाल्या. अडथळा लागल्यापासून दोन सेकंदांच्या आत दार उलटे फिरले पाहिजे. आणि त्याखेरीज, स्पर्श होण्यापूर्वीच धोका ओळखणारे साधन किंवा दाराच्या कडेला संवेदनशील पट्टी पाहिजे. बहुतेकांनी प्रकाशकिरणाचे साधन पत्करले. दाराच्या दोन्ही बाजूंस जमिनीपासून सहा इंचांच्या आत दोन लहान डोळे बसवितात. एकातून निघणारा अदृश्य किरण दुसऱ्यात पोहोचत असेल तरच दार मिटते, आणि किरण तुटला की मागे फिरते. सहा इंच ही उंची रांगणारे किंवा आडवे पडलेले मूल डोळ्यांसमोर ठेवून ठरविलेली, हे सांगावयास नकोच. ह्या साधनात नवी विद्या काहीच नव्हती. प्रकाशाने चालणारी विजेची साधने त्यापूर्वी कित्येक वर्षे कारखान्यांतून व दुकानांच्या दारांतून वापरात होती. उणीव होती ती, हे काम दाराचेच आहे असे मानण्याची.

ह्याची उलट बाजू २०१७ साली दिसली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात उत्तर कॅलिफोर्नियात भयंकर वणवे लागले. वीज गेली, आणि गॅरेजचे दार उघडता न आल्यामुळे काही लोक, त्यांत विशेषतः वृद्ध, घरातच अडकून मेले. त्यानंतर १ जुलै २०१९ पासून त्या राज्यात विकल्या जाणाऱ्या अशा प्रत्येक यंत्रास बॅटरीची जोड सक्तीची झाली. वास्तविक यंत्रापासून दार सोडविण्यासाठी एक लाल दोरी प्रत्येक दारास लोंबत असते. ती ओढली की दार हाताने उचलता येते. परंतु धुराच्या अंधारात ती दोरी आठवली पाहिजे, आणि दार तोललेले नसेल तर म्हाताऱ्या हातांना ते उचलणार नाही. आपल्या पूर्वजांनी प्रचंड दरवाजात माणसापुरती दिंडी ठेवली. तिचे मोल अशा प्रसंगी कळते.

आज कित्येक मराठी कुटुंबे अमेरिकेत असल्या दारांमागे राहतात, आणि येथेही बंगल्यांच्या व सोसायट्यांच्या फाटकांना विजेची यंत्रे बसू लागली आहेत. यंत्र घेताना साखळी घ्यावी की पट्टा, आवाज किती, किंमत किती, ह्यांची चौकशी करावीच. पण त्याआधी तीन गोष्टी पाहाव्या. लाल दोरी ओढून दार हाताने अर्ध्यावर उचलावे आणि सोडून द्यावे. चांगले तोललेले दार तेथेच थांबते, वर उसळत नाही की खाली येत नाही. प्रेषकाची खूण दर वेळी बदलते की नाही, हे विचारून घ्यावे. आणि दार मिटत असताना त्या दोन डोळ्यांमध्ये एक केरसुणी आडवी धरावी. दार मागे फिरले, तर पहारेकऱ्याचे तिसरे काम त्यास येते असे समजावे. न फिरले, तर ते दुरुस्त होईपर्यंत दार हातानेच लावीत जावे.